चौथ्या अर्जातला शब्द

आदिलाबादकडच्या आमच्या गावात सरकारी कागद आला की तो आधी आमच्या ओसरीवर यायचा. कागद असायचा तेलुगूत नाहीतर इंग्रजीत, गाव बोलायचं मराठी, आणि हायस्कूलपर्यंत पोचलेली मुलगी गावात मी एकटीच होते. मुलं होती चार-दोन, पण ती कागद बघितला की शेताकडे पळायची. मग कुणी जमिनीच्या पट्ट्याची नोटीस आणायचं, कुणी दवाखान्याची चिठ्ठी, कुणी बँकेचं पत्र. मी ते आधी मनात वाचायची आणि मग मराठीत सांगायची. ऐकणारा कधीच विचारायचा नाही की कुठल्या ओळीत काय लिहिलं आहे. "नंदीनं वाचलं म्हणजे कागदच बोलला," असं मथुराकाकू म्हणायच्या, आणि माझी मान ताठ व्हायची. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एवढा मान मिळाला की ती बिघडते. मीही बिघडले होते, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

आमचा मळा लहानसा. वांगी, मेथी, आंबाडी, कोथिंबीर, उन्हाळ्यात थोडी काकडी. कापूस आणि ज्वारी दुसऱ्यांच्या शेतात दिसायची, आमच्याकडे फक्त भाजी. पहाटे विहिरीवरचं इंजिन धकधक सुरू झालं की मला जाग यायची, आणि ओसरीवर येऊन बघावं तर माय ओल्या गोणपाटावर बसून मेथीच्या जुड्या बांधत असायची. दातानं सुतळी तोडायची तिची सवय होती, त्यामुळे तिच्या ओठाच्या कडेला कायम एक धागा चिकटलेला असायचा. चुलीवर ज्वारीची भाकर, तव्याच्या कडेला हिरव्या मिरच्या भाजत टाकलेल्या, आणि त्या धुरानं खोकत बाबा आत-बाहेर करायचे. आंबाडीची भाजी आमच्याकडे इतक्यांदा व्हायची की माझा धाकटा भाऊ ताट बघूनच तोंड वाकडं करायचा. आज मला आदिलाबादच्या बाजारात तशी आंबाडी मिळत नाही, आणि मिळाली तरी माझी सून तिच्यात साखर घालते. त्यावर मी बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही.

आठवड्याच्या बाजारात मायसारख्या भाजी विकणाऱ्या वीस-बावीस बायका पंचायतीसमोरच्या चिंचांच्या ओळीखाली बसायच्या. ती जागा त्यांच्या सासवांची होती. मथुराकाकू पहिल्या झाडाखाली, माय तिसऱ्या. कुणाची पाटी कुठे हे सांगावं लागायचं नाही. मग बाजाराचा नवा ठेकेदार आला आणि त्यानं चिंचांखाली कपड्यांची दुकानं बसवली. भाजीवाल्यांना बसस्टँडच्या मागे नालीच्या काठी हलवलं. तिथे झाड नव्हतं. दहाच्या आत मेथी मान टाकायची, आणि वास असा की गिऱ्हाईक नाकाला पदर लावून भाव विचारायचं आणि पुढे निघून जायचं. उरलेली भाजी माय संध्याकाळी म्हशीपुढे टाकायची आणि काही न बोलता हात धुवायची. मला तिचं ते न बोलणं सहन व्हायचं नाही.

एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका आमच्या ओसरीवर आल्या. मथुराकाकू म्हणाल्या, "नंदे, दरखास लिव. इंग्रजीत लिव."

"काकू, एमआरओ साहेब तेलुगू आहेत, तेलुगूत लिहिते ना," मी म्हटलं. एमआरओ म्हणजे आमच्याकडचे तहसीलदार.

"तेलुगूत आपण काई बी लिवलं तं हसते ते. मराठीत लिवलं तं वाचतच नाई. इंग्रजी असली म्हंजे हातात धरून बसते."

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या भागात इंग्रजीकडे लोक इस्त्रीच्या कपड्यांकडे बघावं तसे बघायचे. अंगावर असली की शिपाईही खुर्ची देतो. ही समजूत माझ्याही डोक्यात पक्की बसलेली होती, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिच्यातच आहे.

आता वासुदेव सारांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे शाळेत 'सर' म्हणत नाहीत, तेलुगू वळणानं 'सार' म्हणतात. वासुदेव सार आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि ते मराठी होते, हीच मोठी गोष्ट होती. हायस्कूलमधले बाकी सगळे मास्तर तेलुगू. आपल्या भाषेचा एक माणूस टाय लावून इंग्रजी बोलतो याचा बाबांना इतका अभिमान होता की ते सारांना रस्त्यात बघून सायकलवरून उतरायचे. सारांचे वडील बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होते. संप, मोर्चे, फाटकावरच्या घोषणा बघतच सार मोठे झालेले. त्यामुळे असेल, त्यांची शब्द शिकवायची तऱ्हा निराळी होती. ते फळ्यावर शिडी काढायचे. खालच्या पायरीवर सौम्य शब्द, वर जावं तसा जोरकस. एका शिडीवर त्यांनी लिहिलं होतं: रिक्वेस्ट, कंप्लेंट, प्रोटेस्ट, ॲजिटेशन, आणि अगदी वर, खडू दाबून, रिव्होल्यूशन. त्याच्या शेजारी त्याचं सगळं खानदान: रिव्होल्ट, रिव्होल्यूशनरी, रिव्होल्यूशनाइझ. "हा शब्द उच्चारताना तोंड पूर्ण उघडतं, बघा," असं म्हणून ते वर्गाकडून तो तीनदा म्हणवून घ्यायचे. बाहेरून जाणारे हेडमास्तर एकदा खिडकीशी थबकले होते. सार हसून त्यांना म्हणाले, "पाठातला शब्द आहे."

पहिला अर्ज मी शिडीच्या खालच्या पायरीवरून लिहिला. रिक्वेस्ट. बायकांनी अंगठे उठवले, मथुराकाकूंनी स्वतः तो कचेरीत नेऊन दिला. काही झालं नाही. महिन्याभरानं दुसरा, त्यात कंप्लेंट. तिसऱ्यात प्रोटेस्ट. प्रत्येक वेळी मी मसुदा कच्च्या वहीत लिहून सारांना दाखवायची आणि ते लाल शाईनं दुरुस्त करून द्यायचे. त्यांना यात मोठी गंमत वाटायची. "एमआरओ बीए पास आहेत," ते म्हणायचे, "त्यांना कळू दे या गावात इंग्रजी कोण शिकवतं ते." चौथ्या अर्जात मी शिस्तीनं ॲजिटेशन लिहिलं. सारांनी तो शब्द खोडला आणि वर लाल शाईत लिहिलं, रिव्होल्यूशन. मी विचारलं, "सार, एक पायरी राहिली ना?" ते म्हणाले, "चार वेळा कोण अर्ज देतं? आता एकदम वर चढायचं." मग त्यांनी पूर्ण वाक्यच सांगितलं, की आमची जागा परत दिली नाही तर बाजारातल्या स्त्रियांना रिव्होल्यूशन करणं भाग पडेल. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं. माझं अक्षर फार चांगलं होतं.

ओसरीवर मी बायकांना अर्ज वाचून दाखवला आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला: सगळं उलटंपालटं करून नवीन मांडायचं. तो शब्द बायकांना भलताच आवडला. पुढच्या बाजारात मथुराकाकू भावावरून घासाघीस करणाऱ्या एका मास्तरणीला म्हणाल्या, "घ्यायचं तं घ्या बाई, नाईतं मी रिव्होल्यूशन करीन." नालीच्या काठी सगळ्या हसल्या. माय पण हसली. किती दिवसांनी हसली होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर आजच्या वाचकाला मी अगदीच भोळी वाटेन. आमच्या मागच्या जंगलात त्या काळी बंदूकवाले लोक होते, आणि पुलांवर, शाळेच्या कुंपणावर, रातोरात लाल रंगात तेलुगू अक्षरं उमटायची. त्यात 'विप्लवम्' हा शब्द हटकून असायचा. सकाळी पोलीस चुना मारून तो पुसायचे, आणि आम्ही मुलं त्या भिंतीकडे न बघता चालायला शिकलो होतो. विप्लवम् म्हणजेच रिव्होल्यूशन हे मला माहीत होतं. मराठीतला शब्दही माहीत होता, कारण वांकिडीच्या माझ्या मावशीच्या मुलीचं नाव क्रांती होतं, आणि ती इतकी गरीब होती की कोंबडीलासुद्धा घाबरायची. तीन भाषांत तीच गोष्ट: एक मावसबहीण, एक चुना मारलेली भिंत आणि एक दहावीच्या पुस्तकातला शब्द. मला मनापासून वाटायचं की इंग्रजीत लिहिलं की त्या शब्दाची धग जाते, तो साहेबाच्या टेबलावर ठेवण्यालायक होतो. सारांना तसं वाटत नव्हतं. ते खाणीच्या गावात वाढले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. हे मला पुष्कळ नंतर उमगलं.

अर्ज देऊन आठ दिवस झाले असतील, पोलिसांची जीप बसस्टँडमागे आली आणि त्यांनी मथुराकाकूंना विचारलं, हे कुणी लिहिलं. त्यांनी लपवलं नाही. त्यांना वाटलं, अक्षराचं कौतुक करायला आलेत. दुसऱ्या दिवशी शिपाई घरी निरोप देऊन गेला: मुलगी, मुलीचा बाप आणि इंग्रजीचे मास्तर, उद्या सकाळी ठाण्यात हजर.

त्याच दुपारी वासुदेव सार आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी खाटेवर धुतलेली चादर टाकली. मायनं घाईघाईनं भाकर थापली, आंबाडीची भाजी वाढली, लोणी वाढलं, आणि सार जेवले. चांगले दोन भाकरी जेवले. बाबा हात जोडून उभे होते. "सार, पोरीचं काय होईन?"

"मी आहे ना," सार म्हणाले. "माझीच विद्यार्थिनी आहे. मी लिहून देतो ठाण्यात." मग हात पुसता पुसता मला म्हणाले, "नंदा, ती कच्ची वही दे. माझ्यापाशी असलेली बरी, घरात नको."

मी आनंदानं आणून दिली. लाल शाईची सगळी पानं त्या वहीत होती.

सकाळी आम्ही ठाण्याकडे चालत निघालो. बाबा सायकल हातानं ढकलत होते, बसत नव्हते. मग म्हणाले, "नंदे, माले यातलं काई समजत नाई. सार जे म्हणतीन ते. त्याईनं हात धरला तं तू शिक, जिथवर शिकतं तिथवर. पण त्याईनं जर हात काढला ना बाई, तं मी तुले घरी बसवीन. मंग माले भरोसा नाई राह्यत." दहावीला दोन महिने उरले होते. निर्मलला मुलींचं वसतिगृहाचं कॉलेज होतं, आणि तिथे जायचं स्वप्न मी दोन वर्षं बघत होते. बाबांनी शब्द दिला होता, तोही सारांनी समजावलं म्हणूनच. त्यामुळे त्या सकाळी माझं सगळं शिक्षण सारांच्या एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि मला त्याची काळजी नव्हती. मला वाटलं, कागद तर झालाच.

ठाण्यातले फौजदार, म्हणजे एसआय साहेब, वयानं तरुण होते. ओरडले नाहीत, मारलं नाही. आमचा अर्ज त्यांच्यासमोर होता आणि त्या शब्दाभोवती कुणीतरी निळं वर्तुळ काढलं होतं. शेजारच्या खुर्चीवर सार बसले होते. आम्हाला बघून ते उठले नाहीत, पण मान हलवली. एसआय साहेबांनी एक टाइप केलेला इंग्रजी कागद पुढे सरकवला. दखनी हिंदीत म्हणाले, "मास्टरसाब का बयान है. बाप का अंगूठा होना इस पर, बच्ची को काबू में रखेंगा करके. पहले पढ के सुनाना पडता." आणि सारांकडे बघून, "आप सुनाओ ना, आपकीच जबान है."

सारांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "उसको आता है," ते म्हणाले. "वो पढेगी."

मी कागद हातात घेतला. नेहमीसारखा आधी मनात वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर अर्जाशी माझा कोणताही संबंध नाही. असा शब्द मी वर्गात पाठाबाहेर कधी शिकवलेला नाही. मुलगी हुशार असली तरी स्वभावानं उद्धट आहे. घरचे अडाणी असल्यामुळे तिच्यावर कुणाचा धाक नाही. शाळेबाहेर ती कुणाकुणाला भेटते हे मी सांगू शकत नाही. शाळेनं तिचं नाव कमी करायचं ठरवलं तर माझी हरकत नाही. खाली सही, ठसठशीत, वळणदार. इंग्रजी निर्दोष होतं. एकही चूक नव्हती.

'शाळेबाहेर कुणाकुणाला भेटते' या ओळीशी मी परत गेले. त्या दिवसांत आमच्याकडे अशा एका वाक्यावर माणसं उचलली जायची. ज्या माणसानं काल आमच्या घरी दोन भाकरी खाल्ल्या होत्या त्यानं हे वाक्य लिहिलं होतं, बहुधा जेवायला येण्याआधीच टाइप करून ठेवलं होतं. मी सारांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. इतका राग मला पुढे आयुष्यात कधीच आला नाही, आणि रागाहून जास्त लाज वाटली. कसली ते मला आजही नीट सांगता येत नाही. फसवलं त्यानं आणि लाज मला.

"वाच ना व," बाबा हळूच म्हणाले.

मी वाचलं. म्हणजे कागदावर डोळे ठेवून, नेहमीच्या आवाजात, मराठीत सांगितलं. "सार लिहितात, ही पोरगी माझी विद्यार्थिनी हाये. हुशार हाये. तिची काई चूक नाई, शब्द पुस्तकातलाच होता. तिचे मायबाप सरळ लोक हायेत. पोलिसाईनं तिले माफ करावं. तिले पुढं शिकू द्यावं, असं माझं म्हणणं हाये."

एसआय साहेबांना मराठी कळत नव्हती, पण दारातला जमादार आमच्याच बाजूचा होता, त्याला येत होती. टेबलावरचा कागद त्याला वाचता येत नसेल, पण मी 'माफ करावं' म्हणाले तेव्हा त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, मग सारांकडे, आणि परत रस्त्याकडे तोंड केलं. सारांना तर शब्दन् शब्द कळला होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मला अडवलं मात्र नाही. अडवून काय सांगणार होते?

बाबांनी अंगठा उठवला. आपल्या लेकीला उद्धट आणि स्वतःला अडाणी म्हणणाऱ्या कागदावर. मग धोतराला शाई पुसली, सारांसमोर गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वयानं सार त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते. "तुमी होते म्हणून, सार," बाबा म्हणाले. सारांनी पाय मागे घेतले नाहीत.

एवढंच. एसआय साहेबांना एक कागद हवा होता, तो मिळाला. शाळेतून माझं नाव कमी झालं नाही. हेडमास्तरांना ती भानगड वाढवायची नव्हती. बायकांना चिंचांखालची जागा कधीच परत मिळाली नाही, आणि मथुराकाकूंनी त्यानंतर मला कुठलाही कागद लिहायला सांगितला नाही. रागावल्या नव्हत्या. उलट त्याच म्हणाल्या, "आमच्यापायी पोरीले ठाण्यात जा लागलं." माय मात्र परत गप्प झाली.

मी दहावी झाले, निर्मलला गेले, शिकले, मास्तरीण झाले, आणि चौतीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झाले. आता माझा नातू मोबाईलवर जाहिराती बघतो. त्यात केसांच्या तेलात रिव्होल्यूशन झालेलं असतं, गादीत झालेलं असतं. खताच्या पोत्यावरही मी तो शब्द बघितला आहे. कुणाची जीप येत नाही. नातू मला विचारतो, आजी, हसतेस काय? मी हसत नसते. वर्गात हा शब्द आला की मी तो शिकवायची, त्याच्या सगळ्या खानदानासकट, आणि मग मुलांना सांगायची की माझ्या नावावर खुशाल सांगा, बाईंनी शिकवला म्हणून. मुलांना कळायचं नाही मी असं का म्हणते.

सारांना मी माफ केलेलं नाही. त्यांना भीती वाटली असेल, नोकरी होती, लहान लेकरं होती, हे सगळं मला समजतं. तरी नाही. पण या वयात जे मला खरं टोचतं ते वेगळं आहे. सारांनी मला फसवलं एका कागदावर. मी बाबांना फसवलं त्यांच्या तोंडावर, ज्या एका गोष्टीसाठी ते माझ्यावर डोळे मिटून विसंबायचे तीच वापरून. आणि मी ते एकदाच करून थांबले नाही.

निकाल लागला, निर्मलची जागा मिळाल्याचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात मळ्यातली वांगी पहिल्यांदा तोडली. बाबांनी त्यातली निवडक, काटेरी देठाची, एकाच आकाराची वांगी टोपलीत भरली, वर ओलं फडकं टाकलं आणि मला म्हणाले, "जाय, सारले देऊन ये. त्याईच्यापायी तू शिकून राह्यली."

मी गेले. सारांनीच दार उघडलं. टोपली बघितली. मग हळू आवाजात, शाळेतली भाषा सोडून, घरच्यासारखं म्हणाले, "तू बाबाले सांगितलं नाई?"

"नाई, सार."

"काऊन?"

"माले निर्मलले जायचं हाये," मी म्हटलं.

त्यांनी टोपली आत नेली, रिकामी करून आणून दिली. मी घरी आले तेव्हा बाबा विहिरीवर हात धूत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणे सार?"

"म्हणे, चांगली शीक."

बाबांचा चेहरा खुलला. "देवमाणूस हाये," ते म्हणाले. "पहिली तोडणी त्याईचीच राहीन आता." आणि बाबा होते तोवर, दर हंगामाला, ती त्यांच्याच घरी गेली. मी सुट्टीत घरी असले की टोपली मीच नेत असे, आणि परत आल्यावर सार काय म्हणाले ते बाबांना सांगत असे.